दादांचा आवाज जिथं थांबायचा

आमच्या गावच्या देवळात बाकं नव्हती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजूनही ‘देवळात चाललोय’ असंच म्हणतात. लांबलचक सतरंजी, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला पुरुष, चपला पायरीखाली. पुढं टेबल, त्यावर पांढरं कापड, शेजारी पेटी आणि तबला. मी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीला मांडी लावून बसायचो. सात-आठ वर्षांचा असेन. त्या वयात उपदेशातलं काही कळत नाही, पण शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज नीट कळतो. म्हणून मला ते कळलं. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना दादा एका ठिकाणी गप्प व्हायचे.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपर्यंत त्यांचा आवाज खणखणीत असायचा. भाकर हा शब्द तर ते असा उच्चारायचे की तव्यावरची बाजरीची भाकर डोळ्यांपुढं यावी. मग पुढचं वाक्य यायचं, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ सगळी मंडळी ते एका लयीत म्हणायची आणि दादांचे ओठ मिटलेले असायचे. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ आलं की पुन्हा त्यांचा आवाज सगळ्यांच्यात मिसळायचा. दर रविवारी एवढं एकच वाक्य सुटायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. उपदेश संपून टेबलावरचं पांढरं कापड उचललं जायच्या आधी दादा उठायचे, वाकून सतरंजीच्या कडेकडेनं बाहेर जायचे आणि लिंबाच्या झाडाखाली उभे राहायचे. आतून गाणं ऐकू आलं की टोपी काढून हातात धरायचे. शेवटच्या आशीर्वादाला परत पायरीशी येऊन मान खाली घालून उभे.

कारण मला बरंच उशिरा आईकडून कळलं. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांनी विहिरीवर मोटार बसवायला सोसायटीतून कर्ज काढलं होतं आणि दादा त्याला जामीन होते. १९८६-८७ च्या दुष्काळात विहिरीनं तळ गाठला. मोटार नुसतीच बसली. नानांचे हप्ते थकले आणि नोटीस दादांच्या नावानं आली. दादांनी दुभती गाय विकली, वर आईच्या गळ्यातलं मोडलं आणि रक्कम भरली. नाना त्यानंतर कधी ‘देतो’ म्हणाले नाहीत. दादांनीही कधी मागितलं नाही. दोघांचं बोलणं बंद झालं. देवळात मात्र दोघंही येत राहिले, एक दाराशी बसायचा, एक खिडकीशी.

या प्रार्थनेचा मराठीत जो तर्जुमा आम्ही म्हणतो, त्यात ‘ऋण’ हा शब्द आहे. वसईकडच्या कॅथलिक बांधवांच्या प्रार्थनेत त्या जागी ‘अपराध’ येतो, आणि तोही अर्थ बरोबरच आहे. पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द देण्याघेण्यातलाच आहे, देणं राहिलेली रक्कम या अर्थाचा. शेतकऱ्याच्या कानाला ‘अपराध’ थोडा लांबचा वाटतो. ‘ऋण’ म्हटलं की थेट सातबाऱ्यावरचा बोजा दिसतो. त्याहून अवघड आहे ते क्रियापद. ‘सोडू’ नाही, ‘सोडतो’ नाही, ‘सोडले आहे’. मत्तयाच्या जुन्या हस्तलिखितांतही ते भूतकाळीच आहे. म्हणजे हे म्हणणारा माणूस देवापुढं सांगतोय की माझ्याकडून ते काम उरकलंय, आता तुझ्याकडून होऊ दे. दादा जेमतेम सातवी शिकलेले. त्यांना ग्रीक माहीत नव्हतं, पण मराठी क्रियापद कळत होतं. जे केलं नाही ते केलंय म्हणून देवासमोर सांगायचं नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

लहानपणी मला वाटायचं, दादा प्रार्थना चुकवतात. आज वाटतं, त्या देवळात ते वाक्य सगळ्यांत मन लावून तेच ऐकत होते.

उपासना माणसाला बदलते, असं आम्ही ख्रिस्ती लोक सहज म्हणून जातो. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस सांगतो की अमक्या दिवशी, अमक्या सभेत प्रभूनं माझं जीवन पालटलं. असं घडतं, मी ते नाकारणार नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींवर जो पवित्र आत्म्याचा वर्षाव झाला, त्याच्या हकिकती आमच्याकडं आज्या सांगायच्या. पण मी जो बदल जवळून पाहिला तो असा एका रात्रीतला नव्हता. त्याला नऊ वर्षं लागली, आणि त्या नऊ वर्षांत दर रविवारी तीच प्रार्थना, तेच पापांगीकाराचे शब्द, तीच ‘उपासना संगीत’मधली गाणी झाली. उप आणि आस्, म्हणजे जवळ बसणं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, हा अर्थ वारंवार सांगायचे. देवाच्या जवळ बसणं हे तर खरंच. पण देवळात बसताना माणूस आणखीही कुणाच्या तरी जवळ बसलेला असतो, आणि तो शेजारी आपण निवडलेला नसतो. दादांच्या बाबतीत तो शेजारी खिडकीशी बसलेला सख्खा भाऊ होता.

आपल्याबद्दल अजून खरं नसलेलं एक वाक्य दर आठवड्याला मोठ्यानं म्हणायचं, आणि तेही ज्यांना ते खरं नाही हे माहीत आहे त्यांच्या शेजारी बसून. उपासनेतलं बळ मला इथं दिसतं. एकट्यानं घरी गुडघे टेकले तर माणूस आपल्या सोयीचे शब्द शोधतो. मंडळीत शब्द आधीच ठरलेले असतात आणि ते आपल्या सोयीनं बदलत नाहीत. आपणच कधीतरी त्यांच्या मापात बसायला लागतो.

फार जुन्या काळापासून हे असंच चालत आलंय. इ.स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राच्या काठच्या बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी यानं सम्राट ट्राजानला एक पत्र लिहिलं. हे ख्रिस्ती म्हणवणारे लोक नेमकं करतात काय, हे त्यानं चौकशी करून, दोन दासींचा छळ करून शोधून काढलं होतं. त्या दासी मंडळीत सेविका होत्या. त्याला कळलं ते एवढंच: हे लोक ठराविक दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं स्तोत्र गातात आणि शपथ घेतात. शपथ कसली, तर चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी ठेव परत मागितली तर नाही म्हणणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या शेवटच्या कलमाशी थबकलो. पहाटेच्या अंधारात जीव मुठीत धरून जमलेली माणसं देवापुढं आणाभाका घेतायत, आणि त्यात लोकांचे पैसे परत करण्याचं कलम आहे. नाना आणि दादा दोघंही त्या अंधारात कुठंतरी बसलेले मला दिसले.

त्याच्याही आधी, प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. तिथं प्रभुभोजनाला सुखवस्तू लोक आधी येऊन पोटभर जेवायचे, आणि दिवसभर राबून उशिरा येणारे उपाशी राहायचे. पौल त्यांना स्पष्ट सांगतो की तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर तीच, शब्द तेच, गाणीही तीच असतील. पण एकमेकांसाठी थांबला नाहीत तर ती उपासना राहिली नाही.

आमच्या घरात करिंथचा हा भाग निघाला की आजी गप्प बसायची नाही. आम्ही मूळचे महारवाड्यातले. आजीच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या हाताचा पोहरा चालत नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ पासून नगरला आले, आणि पुढं नगरच्या आजूबाजूच्या गावांतून महार-मांग वस्त्यांमध्ये मंडळ्या उभ्या राहिल्या. कुणी म्हणेल, शाळेसाठी गेले, कुणी म्हणेल, दुष्काळात धान्यासाठी गेले. आजीला यातलं काहीही सुनावलं तरी तिला राग यायचा नाही. ती म्हणायची, “आरं, एका प्याल्यातून पेलो आम्ही. महाराच्या तोंडचा प्याला मांगानं तोंडाला लावला. त्यात वर नगरचा बामण पाळक. हे धान्यानं हुतं व्हय?”

आजी म्हणते ते किती अवघड होतं, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यावरून कळतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं त्या ख्रिस्ती वस्तीच्या आसपास राहूनही आपलं सोवळं सांभाळत होत्या. नवऱ्यामागं मुकाट जाणाऱ्या त्या नव्हत्या. जात माणसानं केलेली आहे हे त्यांचं त्यांना पटलं, तेव्हाच शिवाशीव सुटली. मला हे फार मोलाचं वाटतं. शब्द ओठांवर येणं आणि हात पुढं होणं, यांच्यात त्यांनी पाच वर्षं खरेपणानं घालवली, आणि ती वर्षं कुणाकडून उसनी घेतली नाहीत.

हेही लिहायलाच हवं की आमच्यातलं सगळं सुटलेलं नाही. एकाच सतरंजीवर बसणाऱ्या घरांत पोरीचं लग्न ठरवताना ‘मूळचे कोणाचे?’ हा प्रश्न अजून हळू आवाजात विचारला जातो. प्याला एक झाला आणि सोयरीक राहिली. आमोस संदेष्ट्यानं इस्राएलच्या सणांवर आणि गाण्यांवर जो कोरडा ओढला, तो आमच्याही पाठीवर बसायला हवा. न्याय पाण्यासारखा वाहत नसेल तर देवाला गाणी नकोत, असं तो सांगतो. पेटी कितीही सुरात असो.

गाण्यांचंही सांगतो, कारण त्यांच्यावर माझा जीव आहे. टिळकांनी आम्हाला अभंग दिला. परदेशी चालींत कोंबलेले मराठी शब्द म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी ओवी, पद, भजन दिलं, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो हे कधी लपवलं नाही. दादांना लिहिता फार येत नव्हतं, पण टिळकांची तीसेक पदं तोंडपाठ होती. पाण्याच्या पाळीला रात्री शेतात जाताना ते तीच म्हणत. पाठ झालेलं गाणं देवळाच्या बाहेर माणसाबरोबर जातं, हे तेव्हापासून मला माहीत आहे. आज शहरातल्या उपासनेत पडद्यावर शब्द येतात, गिटार असते, टाळ्या असतात. मला त्याची अढी नाही; माझी मुलगी तिथं मनापासून गाते. काळजी एवढीच वाटते की पडदा विझल्यावर तिच्याबरोबर घरी काय येतं.

आता त्या कापणीच्या सणाचं.

आमच्याकडं बाजरी निघाली की कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो देवळात आणतो. पायली-दोन पायली बाजरी, शेवग्याच्या शेंगा, गावरान अंडी, पाय बांधलेला कोंबडा, कुणाकडं काहीच नसेल तर कोथिंबिरीची जुडी. टेबलासमोर ढीग लागतो. प्रार्थना होते, आणि उपासना संपल्यावर त्याच वस्तूंचा बाहेर लिलाव होतो. येणारा पैसा मंडळीला. दोन रुपयांच्या अंड्याला वीस रुपये देणारेही असतात, आणि घेतलेली वस्तू परत अर्पण करून पुन्हा लिलावात घालणारेही. वस्तू बाजारभावानं घ्यायची नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. त्या वर्षी नानांनी एक डांगर आणलं होतं. मोठं, केशरी, एका बाजूनं जमिनीला टेकून पांढरट पडलेलं, देठाशी वाळक्या वेलाचा तुकडा तसाच ठेवलेला. सगळ्या गावाला माहीत होतं की नानांचा डांगराचा वेल कुठं आहे. त्याच विहिरीच्या थारोळ्यापाशी. विहिरीला नंतरच्या पावसाळ्यांत पाणी आलं होतं.

पंचांनी डांगर उचललं. “पाच रुपये!” कुणी सात म्हणालं, कुणी दहा. “बारा! बारा एक वार...”

“शंभर.”

दादांचा आवाज होता. लिंबाखालून आला होता. १९९६ साली आमच्या गावात शंभर रुपये म्हणजे बाईमाणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी. सगळे वळून बघायला लागले. पंचांनाही पुढं काय म्हणावं सुचेना. नाना पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, हातातल्या टोपीची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. “शंभर एक वार, दोन वार, तीन वार.” दादांनी खिशातून पैसे काढून मोजले, डांगर खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, “चल.”

घरापर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. आईनं डांगर चिरलं, गूळ घालून घाऱ्या केल्या, आणि एका ताटलीत सहा घाऱ्या ठेवून वर फडकं झाकून मला म्हणाली, “नानांकडं देऊन ये.” नऊ वर्षांत त्या घरी ताटली गेली नव्हती. काकूंनी ती घेतली, आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. रिकामी ताटली परत द्यायची नसते. त्यांनी तिच्यात ओंजळभर शेंगदाणे घालून दिले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरं कापड उचललं गेलं तेव्हा दादा बसून राहिले. आमच्याकडं पाळकीणबाई आदल्या रात्री काळ्या मनुका भिजत घालून सकाळी उकळून गाळतात, तोच द्राक्षरस. आणि बेकरीच्या पावाच्या कडा काढून केलेले बारीक तुकडे. ताटली पुरुषांच्या रांगेतून सरकत आली. दादांनी तुकडा घेतला तेव्हा त्यांच्या बोटांच्या फटींत गुऱ्हाळाचा काळेपणा होता, तो मला अजून दिसतो. त्या दिवशी प्रभूच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज थांबला नाही. खणखणीतही नव्हता, घसा बसलेल्या माणसासारखा होता. पण ‘सोडले आहे’ हे दोन शब्द मी शेजारून ऐकले.

मी पुष्कळदा विचार करतो की दादांनी तेव्हा काय केलं. नानांच्या पायी त्यांनी एकदा पैसे भरले होते, जामीन म्हणून, नोटीस आली म्हणून. त्या दिवशी त्यांनी नानांच्याच वस्तूसाठी पुन्हा भरले, कुणी मागितले नसताना. इब्रीकरांस लिहिलेल्या पत्रात येशूला ‘जामीन’ म्हटलंय. आमच्या भागात तो शब्द ऐकला की माणसाच्या कपाळावर आठी पडते, कारण जामीन राहिलेला माणूस बहुधा बुडतो. दादांना त्या शब्दाचा अर्थ बुडून कळला होता. दर महिन्याला समोरच्या टेबलावर ज्याची आठवण केली जाते त्यानंही दुसऱ्याचं देणं भरलं, आणि आपणहून भरलं, हे नऊ वर्षांत लिंबाखाली उभं राहून कधीतरी त्यांच्या आत उतरलं असणार. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पैसे नानांनी कधी परत केले नाहीत. दोघं पुढं पावसापाण्याचं बोलायचे, बैलांचं बोलायचे. त्या कर्जाचा विषय निघाला नाही. पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही, आईच्या गळ्यातलं काही परत आलं नाही.

२०२० साली देवळं बंद झाली तेव्हा दादा नव्हते. आई पुण्यात माझ्याकडं होती. मोबाइलवर उपासना लागायची, ती डोक्यावर पदर घेऊन समोर बसायची, गाणी म्हणायची. प्रभुभोजनाच्या रविवारी मी तिच्यासमोर पाव आणि द्राक्षरस आणून ठेवला. तिनं घेतला नाही. म्हणाली, “ताटली देणारं कोणी पाहिजे रे.” यावर धर्मपंडितांत तेव्हा बरीच चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी. मी आईच्या बाजूचा आहे. ताटली एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ती कुणाच्या हातातून आपल्याकडं येणार हे आपण ठरवत नाही. मोबाइलमध्ये ते हात नसतात.

गेल्या नाताळात गावी गेलो होतो. देवळात आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. नाना ऐंशीच्या पुढं गेलेत, खिडकीची जागा सोडून आता पुढंच बसतात, कारण ऐकू येत नाही. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. नानांना मंडळीची लय ऐकू येत नाही, त्यामुळं ते आपल्या गतीनं, डोळे गच्च मिटून म्हणत होते. भाकरीपाशी ते एक वाक्य मागं पडले, पुढं आणखी मागं. सगळ्यांचं ‘आमेन’ झालं. पेटीवाल्यानं सूर धरला होता, पाळकसाहेबांनी हातानं त्याला थांबवलं. देवळात शांतता झाली, आणि त्या शांततेत नाना एकटेच म्हणत होते, “तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” पाळकसाहेब थांबून राहिले, सगळी मंडळी थांबून राहिली. नानांचं अजून दीड वाक्य उरलं होतं.